एकजण ‘नाही’ म्हणाला तर? मेंढा गावच्या ग्रामसभेचं प्रकरण

जंगलातून निघालेला बांबूचा ट्रक नाक्यावर थांबला की वनरक्षक ड्रायव्हरकडे आधी टीपी मागतो. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. बांबू किती, कुठल्या जंगलातला, कुठून कुठे चालला, गाडीचा नंबर काय, परवान्याची मुदत कधीपर्यंत, एवढं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली सही-शिक्का. तो कागद नसेल तर माल चोरीचा समजला जातो आणि गाडी जागच्या जागी अडकते. बांबू कुणाच्या मालकीचा यावर कायद्यात काहीही लिहिलेलं असो, व्यवहारात बांबू त्याचा, ज्याच्या हातात टीपीचं पुस्तक.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जिल्ह्यातलंच मर्दा आणि मेंढा ही असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावं. हक्काचा कागद गावात आला, पण टीपीचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावरच राहिलं. ग्रामसभेने बांबू विकायला काढला तर परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालं.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगितली जाते. कायदा, खातं, मंत्री आणि विजय. मला त्याच्या मागचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाचशे माणसांचं गाव वनखात्याशी वर्षानुवर्षं भांडत राहिलं आणि त्या काळात फुटलं नाही. ठेकेदाराने चार घरं वेगळी काढली, सरपंचाला कुणी हाताशी धरलं, दोन पक्षांनी दोन आळ्या वाटून घेतल्या, असं आपल्याकडे एरवी सर्रास होतं. मेंढ्यात का झालं नाही? माझ्या मते याचं उत्तर गावाच्या निर्णय घेण्याच्या रीतीत आहे. ती रीत बांबूच्या भांडणाच्या वीस-पंचवीस वर्षं आधीपासून घडत होती.

सुरुवात एका धरणाला झालेल्या विरोधातून झाली. ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणं प्रस्तावित होती. त्यांत जंगल आणि आदिवासींची गावं बुडणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासींचे नेते लालश्यामशहा महाराज त्यात होते आणि मेंढ्याची माणसंही गेली होती. धरणं बारगळली. आंदोलनातून परतलेल्या लोकांना एक प्रश्न पडला: धरण अडवता आलं, मग आपल्या गावातले रोजचे निर्णय दुसरं कुणीतरी का घेतं? त्या भागात गाजलेली घोषणा तिथली आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गोंडीत ती आणखी आटोपशीर होते, ‘मावा नाटे मावा राज’.

घोषणा देणं सोपं असतं. पण गावातलं सरकार म्हणजे कोण? सरपंच? तो तर लेखासोबतच्या गटग्रामपंचायतीचा. गावचा पाटील? शिकलेली दोन पोरं? याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात येऊ लागले. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचं काम ते करत. गाव स्वतःचं जंगल स्वतः सांभाळू शकतं का, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. गावातून देवाजी तोफा पुढे आले. बाहेरचे लोक आजही मेंढ्याची ओळख या दोन नावांनी सांगतात. ते स्वाभाविक आहे, पण थोडं दिशाभूल करणारंही आहे, कारण दोघांचाही आग्रह एकच होता: निर्णय आमच्यापैकी कुणी घ्यायचा नाही.

या आग्रहातून दोन वेगवेगळ्या बैठका तयार झाल्या आणि त्यांची नावं आणि कामं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत हे ठरलं. एक अभ्यासगट, दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात ज्याला रस असेल त्याने यावं. बाहेरचा माणूस, कार्यकर्ता, अधिकारी, कुणीही चालेल. तिथे विषय उलगडायचा, कागद वाचायचे, कायदा समजून घ्यायचा, वाद घालायचा. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. ग्रामसभेत फक्त गाव बसणार, आणि तिथे निर्णय होणार. प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघांनीही यावं अशी पद्धत पडली.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. ज्यांनी गावातल्या सभा पाहिल्या आहेत त्यांना यातली मेख लगेच कळेल. आपल्याकडे माहिती देणं आणि मंजुरी घेणं एकाच बैठकीत उरकलं जातं. साहेब येतात, योजना समजावतात, ‘कुणाची काही हरकत?’ विचारतात आणि रजिस्टर फिरू लागतं. ज्याला माहिती आहे तोच प्रस्ताव मांडणारा. ऐकणाऱ्याला विषय पहिल्यांदा कळतोय आणि पाच मिनिटांत त्याला हात वर करायचा आहे. शंका विचारली तर विरोध केल्यासारखं दिसतं, म्हणून तो गप्प बसतो. अभ्यासगटात हे दडपण नसतं. तिथे ‘मला कळलं नाही’ म्हणता येतं, चुकीचा प्रश्न विचारता येतो, मागच्या आठवड्यात बोललो त्याच्या उलटही बोलता येतं. त्याने काहीच ठरणार नसतं, म्हणून माणूस मोकळा बोलतो.

याच गटात गावाने स्वतःचे जुने निस्तार हक्क शोधून काढले. जमीनदारी गेल्यावर गावांच्या जळणाच्या, चराईच्या, घरासाठी लागणाऱ्या लाकडाच्या हक्कांच्या नोंदी सरकारी दप्तरात झाल्या होत्या. गावाला त्याचा पत्ताच नव्हता. मधाचा विषयही असाच. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याची रीत सोडून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, माश्या आणि पिल्लं राखायची, हे तंत्र अभ्यासातून आलं आणि मग लोकांनी ते उचललं.

आता ग्रामसभेचा नियम पाहू. तिथे निर्णय होतो सर्वसहमतीने. मतदान नाही, हात वर करणं नाही. एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तरी निर्णय पुढे ढकलायचा आणि चर्चा चालू ठेवायची.

हे वाचल्यावर पहिला आक्षेप येतो तो असा: मग काहीच ठरणार नाही. एखादा हट्टी माणूस गावाला वेठीला धरेल. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मी गावच्या दारूबंदीचं उदाहरण घेईन, कारण दारूचा प्रश्न सोपा नव्हता. मागणी बायकांची होती. पण गोंडांच्या पूजेत मोहाची दारू लागते. जन्म, लग्न, मरण, सणवार, काहीही तिच्याशिवाय पार पडत नाही. तेव्हा ‘दारू बंद’ म्हणजे देवाची दारू बंद की पिणं बंद? दोन्हींच्या मध्ये रेघ कुठे मारायची? बहुमताने हा ठराव एका संध्याकाळी झाला असता. बायका आणि काही पुरुष एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला, आणि ठराव मंजूर. दुसऱ्या दिवशी हरलेल्या घरांमध्ये दारू गाळली गेली असती. त्यांच्याकडे जाऊन भांडी कोण फोडणार होतं? पोलिसांना कोण बोलावणार होतं?

इथेच सर्वसहमतीचं खरं कारण दिसतं. ते आदर्शवादाचं नाही, फार व्यवहारी आहे. गावाजवळ अंमलबजावणीची यंत्रणा नाही. राज्याकडे पोलीस आहे, न्यायालय आहे, दंड वसूल करणारा तलाठी आहे. म्हणून विधिमंडळाला ५१ विरुद्ध ४९ परवडतं. हरलेल्या ४९ लोकांना कायदा पाळायला लावता येतं. मेंढ्याच्या ग्रामसभेला असा हरलेला गट परवडत नाही, कारण निर्णय पाळायचा की नाही हे शेवटी त्याच गटाच्या हातात असतं. मेंढ्यात चर्चा महिनोन्‌महिने चालली. निर्णय झाला तेव्हा तो पाळून घेण्यासाठी वेगळी फौज लागली नाही, कारण ज्यांनी पाळायचा तेच त्या चर्चेत बसले होते आणि त्यांच्या अडचणींना निर्णयात जागा मिळाली होती.

हट्टी माणसाचं काय? अनुभव असा की नकार देणाऱ्याला कारण सांगावं लागतं आणि ते कारण बहुतेकदा इतरांना न दिसलेलं असतं. नकार म्हणजे अडवणूक समजायची नाही, प्रस्तावात काहीतरी राहिलंय असं समजायचं. हे म्हणायला गोड आहे, पण करायला चिवटपणा लागतो. उशिरा रात्रीपर्यंत बसलेल्या लोकांसमोर एकट्याने ‘मला पटलेलं नाही’ म्हणणं, आणि बाकीच्यांनी ते चिडचिड न करता ऐकणं, हे एका सभेत शिकून होत नाही.

जंगलाच्या बाबतीत गावाची पहिली मोठी परीक्षा नव्वदीच्या सुरुवातीला झाली. महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचं धोरण काढलं: गाव आणि वनखातं मिळून जंगल राखणार. पण योजना उजाड, खराब झालेल्या जंगलासाठी होती. मेंढ्याचं जंगल चांगलं दाट. म्हणजे ज्यांनी जंगल राखलं त्यांना योजना नाही आणि ज्यांचं संपलं त्यांना आहे! गावाने हा मुद्दा धरून ठेवला आणि शेवटी मेंढ्याला त्यात सामावून घ्यावं लागलं. गावाने स्वतःचे नियम केले. वणवा लागू द्यायचा नाही, जंगल आळीपाळीने राखायचं, गरजेपेक्षा जास्त तोडायचं नाही, परवानगीशिवाय बाहेरच्या कुणी यायचं नाही. शेवटचा नियम संशोधकांनाही लागू आहे. मेंढ्याचा अभ्यास करायचा तर ग्रामसभेला विचारावं लागतं. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकण्याची रीतही पडली. त्यामुळे अडीअडचणीला सावकाराऐवजी गावाचाच पैसा हाताशी आला.

हे सगळं झालेलं होतं, म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढ्याला तो पुढाऱ्याकडून समजून घ्यावा लागला नाही. अभ्यासगटात तो कलमवार वाचला गेला. दावा तयार करायला जे लागतं, म्हणजे जंगलाची हद्द, वापराच्या खुणा, जुन्या नोंदी, वृद्धांचे जबाब, ते गावाकडे आधीच होतं.

मग बांबूचं भांडण. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने झाडांच्या व्याख्येत बांबूही घातलेला होता. म्हणून तोडलेला बांबू म्हणजे इमारती लाकूड, आणि लाकूड खात्याचं. जिल्ह्यातला बांबू अनेक वर्षं करारावर कागद कारखान्याला जात होता आणि गावातल्या माणसाला टोपली विणायला चार बांबू हवे तरी खात्याकडे हात पसरावा लागे. २००६ च्या कायद्याने मात्र बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत, स्पष्ट लिहिला आणि त्याची मालकी हक्कधारकांना दिली. दोन कायदे, दोन व्याख्या, आणि टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला सोयीची ती जुनी. मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचं कळवलं. पुढच्याच महिन्यात मेंढ्याला टीपीचं पुस्तक मिळालं. वनहक्क नियमांत टीपीची दुरुस्ती सप्टेंबर २०१२ मध्ये झाली. तेव्हापासून गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेली व्यक्ती देते. एका गावाने आधी करून दाखवलं आणि नियम नंतर आला, हा क्रम नोंदवण्यासारखा आहे.

पहिल्याच हंगामात ग्रामसभेच्या हातात मोठी रक्कम आली. इथे मला वाटतं खरी कसोटी होती. गरीब गाव एकजुटीने लढू शकतं, हे आपण बऱ्याचदा पाहिलंय. पैसा आल्यावर ते एकत्र राहतं का? मेंढ्याच्या ग्रामसभेने बँकेत खातं उघडलं, पॅन कार्ड काढलं, मजुरांची हजेरी आणि पेमेंटचा हिशेब ठेवला. तोडीचा नियमही गावाचाच: कोवळे सोडायचे, बेट उघडं पडेल असं तोडायचं नाही, पावसाळ्यात कोंब येतात तेव्हा जंगल बंद. पैशांचा प्रत्येक व्यवहार सभेसमोर वाचला जातो. कंटाळवाणं काम आहे. पाऊण तास आकडे ऐकायचे. माझ्या मते घोषणेपेक्षा या पाऊण तासात मेंढ्याची लोकशाही जास्त आहे.

महाराष्ट्रातल्या नेहमीच्या ग्रामसभेशी तुलना केली की फरक दिसतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखा पाठ असतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणून कित्येक ठिकाणी पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावली जाते, मग चार-दहा जणांत ठराव होतात आणि रजिस्टर घरोघरी सह्यांना फिरतं. वनहक्काच्या नियमांनी ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती घातली आहे आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका हव्यात असं म्हटलंय. कागदावर चांगलं आहे. पण गणपूर्ती मोजते ती माणसांची संख्या, त्यांना विषय कळलाय का हे मोजत नाही. मेंढ्याने उपस्थितीपेक्षा तयारीवर भर दिला आणि उपस्थिती तिच्यामागून आली.

म्हणजे मेंढा सगळीकडे करता येईल का? इथे मी जरा सावध आहे. पाचशे माणसं एका जागी बसू शकतात, पाच हजार नाही. मेंढा एका समाजाचं गाव आहे. जिथे सवर्ण, बहुजन, दलित एका ग्रामसभेत बसतात आणि अर्धी जमीन दोन घरांकडे आहे, तिथे ‘सगळ्यांचं एकमत’ म्हणजे जमीनवाल्यांना न दुखावणारं मत अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही. गप्प बसणं हे संमतीसारखंच दिसतं. मेंढ्यातही हा धोका नाही असं नाही. गावात सगळ्यांना एकमेकांसोबत राहायचं असतं आणि त्या दडपणाखाली एखादीचा नकार घशातच राहू शकतो. अभ्यासगट हा त्यावरचा थोडा उतारा आहे. तिथे बोलणं स्वस्त असतं, म्हणून खरी हरकत ग्रामसभेआधी बाहेर पडते. पूर्ण उतारा मात्र तो नाही. बायका सभेला येऊन बसणं आणि सभेत विषय मांडणं यांत अजून अंतर आहे, हे मेंढ्याबाहेरच्या कुठल्याही गावाला जितकं लागू तितकंच मेंढ्यालाही.

दुसरं, वेळ. मजुरीवर जगणाऱ्या बाईने दिवसभर तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडून रात्री सभेला बसायचं, याची किंमत ती देते. सभेला न येऊ शकणाऱ्याचं मत कुणी विचारायचं? शहरात बसून ‘सहभागी लोकशाही’ची तारीफ करणाऱ्यांनी (मी त्यांतच मोडतो) ही किंमत हिशेबात धरायला हवी.

तरीही जिल्ह्यात हे पसरलं. आज गडचिरोलीत हजारावर ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. तेंदूचा लिलाव कित्येक ग्रामसभा स्वतः करतात. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. वाटाघाटीत एकेकट्या गावाला ठेकेदार दाबतो, म्हणून एकत्र बसावं लागतं. सगळ्या ग्रामसभा मेंढ्यासारख्या चालत नाहीत. काही ठिकाणी अध्यक्ष आणि सचिव हेच ग्रामसभा होऊन बसले आहेत, काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे बुडवले. हक्क गावागावांत पोचला, अभ्यासगट तितका पोचला नाही, असं माझं निरीक्षण आहे.

शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट जमिनीची. २०१३ मध्ये मेंढ्याने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामदान जाहीर केलं. म्हणजे शेतकऱ्यांनी आपल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे केली. कसणं घराकडेच राहतं, वारसाहक्कही राहतो, पण जमीन गावाबाहेर विकता येत नाही, आणि थोडी जमीन भूमिहीनांसाठी निघते. पन्नास-साठच्या दशकांत विनोबांच्या काळात हजारो गावांनी ग्रामदानाच्या कागदांवर सह्या केल्या आणि त्यांतली बरीचशी पुढे कागदावरच राहिली. मेंढ्याने हा निर्णय घेतला तेव्हा विनोबांची लाट विरून कित्येक दशकं झाली होती. कायद्याला त्यासाठी सगळ्यांची संमती लागत नाही, ठरलेल्या प्रमाणात जमीनमालक तयार असले की पुरतं. गावाने मात्र ती सवलत वापरली नाही. बोलणी अनेक महिने चालली. सातबाऱ्यावरचं नाव हे आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याच्या काळजाचा तुकडा असतं. ते सोडायचं की नाही यावर घराघरांत वाद झाले असणार, हे सांगायला कुणी लागत नाही. त्यातल्या प्रत्येक घराचं ‘हो’ येईपर्यंत गाव थांबलं.

ग्रामदान राजपत्रात आलं, पण त्या कायद्यातून मिळणारी स्वतंत्र ग्रामपंचायत आली नाही. जी यंत्रणा टीपीच्या पुस्तकासाठी दीड वर्ष थांबवते, ती इथे वर्षानुवर्षं थांबवत राहिली. अर्ज, स्मरणपत्रं, मुंबईच्या चकरा, आणि सरतेशेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. त्या काळात ग्रामसभा नेहमीप्रमाणे भरत राहिली, बांबू निघत राहिला, हिशेब वाचले जात राहिले. गावाचं एकमत व्हायला लागलेला वेळ महिन्यांत मोजता येतो. त्या एकमतावर सरकारी शिक्का मिळवायला वर्षं लागली. लोकसहभागाने कामं रेंगाळतात असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर मी हे दोन हिशेब शेजारी शेजारी ठेवेन.